कानबाईला आलेल्या पाहुण्यांचं वायफाय: घरच्या राउटरवर गेस्ट नेटवर्क नीट कसं लावायचं

श्रावणात कानबाई बसते तेव्हा खान्देशातल्या घरात माणूस मावत नाही. सुरतेच्या उधना-लिंबायतपासून नाशिक-पुण्यापर्यंत, पोटासाठी जिथं जिथं भाऊबंदकी गेली तिथून सगळे रोटांना गावी येतात. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरवाशिणी येतात, सुट्टीत भाचरं येतात, हिवाळ्यात मळ्यात भरीत असतं. आणि चप्पल काढता काढता पहिला प्रश्न येतो, "दादा, वायफायना पासवर्ड काय शे?"

याला नाही म्हणायची आपल्याकडे रीत नाही, आणि म्हणूही नये. आलेल्या माणसाला पाणी आपण विचारून देत नाही. फक्त घरातले सगळे वापरतात तो पासवर्ड पाहुण्याला द्यायचा नाही, त्याच्यासाठी वेगळा ठेवायचा. ही सोय आजच्या बहुतेक राउटरमध्ये असते आणि तिचं नाव गेस्ट नेटवर्क. लावायला फार वेळ लागत नाही. पण न समजता लावली तर यादीत नुसतं दुसरं नाव दिसतं आणि संरक्षण काहीच मिळत नाही, म्हणून आधी जरा मुळापासून पाहू.

पासवर्ड दिला म्हणजे काय काय दिलं

वायफायचा पासवर्ड दिला म्हणजे थोडा डेटा दिला, असं बहुतेकांना वाटतं. प्लॅन अनलिमिटेड आहे, वापरू दे. पण राउटर नुसतं बाहेरचं इंटरनेट घरात आणत नाही, तो घरातली सगळी यंत्रं एकमेकांना जोडतो. तुमचा मोबाईल, मुलीचा लॅपटॉप, टीव्ही, प्रिंटर, सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारा डबा म्हणजे डीव्हीआर, छतावरच्या सोलर इन्व्हर्टरला लावलेला वायफायचा तुकडा, हे सगळे एकाच जाळ्यात असतात आणि एकमेकांशी बोलू शकतात. पासवर्ड मिळालेला फोनही त्याच जाळ्यात येतो.

आपल्याकडे दुकान खाली आणि घर वर, कनेक्शन एकच, ही पद्धत सर्रास आहे. सावदा-रावेरकडे केळीच्या व्यापाऱ्याचं ऑफिस घरातच असतं. शेतकऱ्यांचे हिशेब ज्या कॉम्प्युटरवर, त्याच वायफायवर ट्रकचा ड्रायव्हर, हमाल, मापाडी आणि दारावर आलेला गिऱ्हाईक. कॉम्प्युटरवर एखादं फोल्डर शेअर केलेलं असेल तर ते या सगळ्यांना दिसू शकतं. डीव्हीआरचा पासवर्ड कंपनीने दिला तोच ठेवला असेल तर कॅमेऱ्यातलं चित्रही दिसू शकतं.

इथं पाहुण्यावर संशय घ्यायचा प्रश्नच नाही. मामेभाऊ सज्जन आहे, पण त्याच्या फोनमध्ये काय शिरलं आहे हे त्यालाही माहीत नसतं. लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, कितीतरी लोकांनी भाबडेपणाने उघडली आहे. असा फोन घरच्या जाळ्यात आला की त्यातला घातक प्रोग्राम आजूबाजूची यंत्रं चाचपून पाहू शकतो, आणि फोनच्या मालकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी, उगीच घाबरवण्यात अर्थ नाही. बँकेच्या ॲपमधला व्यवहार किंवा व्हॉट्सॲपचा मजकूर फोनपासून त्यांच्या सर्व्हरपर्यंत स्वतंत्र कुलूपबंद होऊन जातो. एकाच वायफायवर बसलेल्या माणसाला तो सहजासहजी वाचता येत नाही. धोका जास्त आहे तो घरातल्या यंत्रांना आणि खुद्द राउटरला.

दुसरी अडचण अशी की पासवर्ड एका माणसापाशी थांबत नाही. अँड्रॉइड फोनमध्ये वायफाय शेअर करा म्हटलं की क्यूआर कोड येतो आणि त्याच्याखाली पासवर्ड चक्क लिहून येतो. रविवारी भाच्याला दिलेला पासवर्ड सोमवारी कानबाईच्या विसर्जनापर्यंत अर्ध्या गल्लीत पोचलेला असतो. तो बदलायचा म्हटलं तर टीव्ही, कॅमेरे, इन्व्हर्टर, सगळ्यांचे फोन पुन्हा जोडत बसावं लागतं, म्हणून कोणी बदलत नाही. वर्षानुवर्षं तोच राहतो.

आणि तुमच्या कनेक्शनवरून बाहेर जे काही जातं ते तुमच्या नावावर जातं. २००८ साली अहमदाबादच्या साखळी स्फोटांच्या वेळी जबाबदारी घेणारा ई-मेल नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका घरातल्या असुरक्षित वायफायवरून गेला होता. त्या घरातल्या माणसाचा त्यात काही हात नव्हता, पण तपास पहिल्यांदा त्याच्याच दारात पोचला.

आधी मुख्य कुलूप

गेस्ट नेटवर्कच्या आधी मुख्य वायफाय पक्कं करू. राउटरच्या सेटिंगमध्ये (ते पान कसं उघडायचं ते पुढे येईलच) सिक्युरिटी म्हणून एक रकाना असतो आणि त्यात डब्ल्यूईपी, डब्ल्यूपीए, डब्ल्यूपीए२, डब्ल्यूपीए३ अशी नावं दिसतात. ही एकाच कामाच्या पिढ्यांची नावं आहेत. डब्ल्यूईपी १९९७ सालचं, त्यातली मुळातली चूक २००१ मध्ये उघडी पडली आणि आज ते काही मिनिटांत फुटतं. डब्ल्यूपीए २००३ मध्ये घाईने आणलेली मधली सोय होती. २००४ चं डब्ल्यूपीए२ आजही बहुतेक घरांत चालतं. २०१७ मध्ये त्यातही एक फट सापडली, पण ती फोन-राउटरच्या अपडेटने बुजवता आली. २०१८ मध्ये डब्ल्यूपीए३ आलं.

तुमच्या राउटरमध्ये डब्ल्यूपीए३ असेल तर तेच निवडा. घरात जुने फोन असतील आणि ते जोडलेच जात नसतील तर डब्ल्यूपीए२ आणि ३ एकत्र चालवणारा पर्याय घ्या. दोन्ही नसेल तर डब्ल्यूपीए२, पण त्यातही कुलूप लावायच्या दोन पद्धती दिसतात, त्यातलं एईएस निवडायचं, टीकेआयपी नाही. टीकेआयपी जुनं आहे आणि त्याने वेगही पडतो.

या दोन पिढ्यांमधला फरक समजून घेण्यासारखा आहे, कारण पासवर्ड कसा ठेवायचा हे त्यावरून ठरतं. डब्ल्यूपीए२ मध्ये फोन राउटरला जोडला जातो त्या क्षणी दोघांत चार निरोपांची देवाणघेवाण होते. ती हवेतून होते, त्यामुळे रस्त्यावर गाडीत बसलेला माणूसही ती टिपून ठेवू शकतो. मग तो घरी जाऊन, तुमच्या राउटरला हातही न लावता, आपल्या कॉम्प्युटरवर एकेक पासवर्ड लावून पाहतो. चुकीचा पासवर्ड टाकल्याची तुमच्या घरी काही खूण उरत नाही. डब्ल्यूपीए३ मध्ये ही घरी बसून अंदाज लावण्याची वाट बंद केली आहे, प्रत्येक अंदाजाला राउटरशीच बोलावं लागतं.

आता डब्ल्यूपीए२ वर मोबाईल नंबर हाच पासवर्ड ठेवला तर काय होतं ते पाहा. आपल्याकडे हे फार दिसतं. भारतातले मोबाईल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. ऐकायला मोठा आकडा आहे. पण एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला १० लाख अंदाज तपासतं असं धरलं तरी सगळे नंबर सव्वा तासाच्या आत संपतात. आठ इंग्रजी लहान अक्षरं वाटेल तशी घेतली तर अडीच दिवस. अक्षरं बारा केली की हाच हिशेब तीन हजार वर्षांवर जातो. चार अक्षरांनी एवढा फरक पडतो, म्हणून पासवर्ड लांब हवा. चिन्हांची कसरत त्यापुढे दुय्यम आहे.

लांब पासवर्ड लक्षात राहावा म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले पाच शब्द घ्या. उदाहरणार्थ दादर, खिडकी, सतरा, पितळ, पाऊस, असे इंग्रजी अक्षरांत जोडून लिहिलेले. हे इथं छापलेले शब्द मात्र वापरू नका. गावाचं नाव आणि पुढे १२३, कुलदैवताचं नाव, मुलाची जन्मतारीख, गाडीचा नंबर हे सगळं ओळखीच्या माणसाला आपोआप सुचतं.

त्याच पानावर डब्ल्यूपीएस नावाचा पर्याय असेल तर तो बंद करा. पासवर्ड न टाकता आठ आकडी पिनने जोडण्याची ही सोय. आठ आकडे म्हणजे १० कोटी शक्यता असं वाटतं, पण राउटर ती पिन दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरून निघतो. २०११ मध्ये हे उघड झालं तेव्हा कळलं की प्रत्यक्षात फार तर ११,००० प्रयत्न पुरतात. म्हणजे तुमचा पाच शब्दांचा पासवर्ड बाजूलाच राहतो आणि मागचं दार काही तासांत उघडतं.

राउटरचा स्वतःचा पासवर्ड

वायफायचा पासवर्ड वेगळा आणि राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड वेगळा. या दोन्हींत घोळ होतो. दुसरा पासवर्ड राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर लिहिलेला असतो. तिथंच एक पत्ता असतो, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा. वायफायला जोडलेल्या फोनच्या ब्राउझरमध्ये तो इंग्रजी आकड्यांत टाकला की सेटिंगचं पान उघडतं. नाव ॲडमिन आणि पासवर्डही ॲडमिन, अशी जोडी अनेक जुन्या राउटरवर असते आणि ती साऱ्या जगाला ठाऊक आहे.

हा पासवर्ड आज बदला. लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

२०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. त्याच्याकडे फार मोठी विद्या नव्हती, कारखान्यातून आलेल्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्यांची यादी होती. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये याच यंत्रांच्या फौजेने अमेरिकेतल्या एका डीएनएस कंपनीवर एवढा भडिमार केला की ट्विटर आणि नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास अडखळल्या. ज्यांचे कॅमेरे त्यात वापरले गेले त्यांना कळलंही नाही.

राउटर दुसऱ्याच्या हाती गेला की तो डीएनएस बदलू शकतो. डीएनएस म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारी व्यवस्था. तीच खोटी असेल तर तुम्ही बँकेचं नाव बरोबर टाकूनही भलत्याच पानावर पोचता. ब्राझीलमध्ये २०११-१२ च्या सुमारास सुमारे ४५ लाख मोडेमची डीएनएस अशी बदलली गेली होती. म्हणून पान उघडल्यावर रिमोट मॅनेजमेंट, म्हणजे बाहेरून राउटर चालवण्याची सोय, चालू असेल तर तीही बंद करा. फायबरचा डबा कंपनीचा असेल तर काही सेटिंग त्यांनी कुलूपबंद केलेली असतात. ती बदलायला केबलवाल्या दादाला सांगावं लागतं, आणि सांगायला संकोच नको.

आता पाहुण्यांचं नेटवर्क

धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी शेकडो वर्षांपासून फड पद्धतीने पाणी दिलं जातं. बंधारा एक, पाट एक, पण पुढे चाऱ्या वेगळ्या, आणि एका चारीतलं पाणी दुसऱ्या फडात घुसत नाही. गेस्ट नेटवर्क हेच करतं. बाहेरून येणारं इंटरनेट एकच असतं, राउटर त्याची एक वेगळी वाट काढतो. त्या वाटेवरच्या फोनला इंटरनेट मिळतं, पण तुमच्या कॉम्प्युटरपर्यंत, डीव्हीआरपर्यंत जाणारा रस्ताच मिळत नाही.

सेटिंगच्या पानावर वायरलेस किंवा वायफायच्या खाली गेस्ट नेटवर्क शोधा. चालू करा, नाव द्या, पासवर्ड द्या. नावात आडनाव, घर नंबर, राउटरची कंपनी घालू नका. पासवर्ड न ठेवता नेटवर्क उघडं सोडायचा मोह होतो, तो टाळा. उघड्या वायफायवर राउटर आणि फोन यांच्यामध्ये वायफायचं स्वतःचं कुलूपच नसतं आणि रस्त्यावरचा कोणीही आत येतो. इथं डब्ल्यूपीए२ आणि ३ चा एकत्र पर्याय बरा, कारण आजोबांचा जुना फोनही जोडला गेला पाहिजे.

पुढचे दोन खटके महत्त्वाचे. पाहुण्यांना घरच्या नेटवर्कवर येऊ द्यायचं का, अशा अर्थाचा एक पर्याय असतो, तो बंदच हवा. काही राउटरवर हा प्रश्न उलटा विचारलेला असतो, त्यामुळे शब्द नीट वाचा. दुसरा आयसोलेशनचा, म्हणजे जोडलेल्या फोनांना एकमेकांपासून वेगळं ठेवण्याचा. तो चालू केला की पाहुण्यांचे फोन एकमेकांनाही दिसत नाहीत. वीस जण जोडलेले असतील तर एकाचा बिघडलेला फोन बाकीच्या एकोणीस जणांपर्यंत जाऊ नये, म्हणून हा हवाच. वेगाची मर्यादा घालता येत असेल तर घाला. सगळी पोरं एकदम व्हिडिओ बघायला लागली की जावयाची ऑनलाइन मीटिंग अडकते.

इथं एक फसगत होते. कंपनीच्या काही फायबर डब्यांवर गेस्ट असा शब्दच नसतो, एसएसआयडी (म्हणजे वायफायचं नाव) १, २, ३, ४ अशी यादी असते. दुसरा एसएसआयडी चालू करून नाव दिलं की गेस्ट नेटवर्क झालं असं वाटतं. प्रत्यक्षात ते बहुधा त्याच जाळ्याला लावलेलं दुसरं नाव असतं. आयसोलेशनचा खटका तिथं स्वतंत्र नसेल तर सगळं एकत्रच आहे असं समजा.

म्हणून लावून झालं की तपासा. आधी राउटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी बघून डीव्हीआरचा किंवा प्रिंटरचा पत्ता टिपून घ्या, आणि मुख्य वायफायवरून तो ब्राउझरमध्ये उघडतो का पाहा. मग फोनचा मोबाईल डेटा बंद करा, फोन गेस्ट नेटवर्कला जोडा आणि तोच पत्ता पुन्हा टाका. आता पान उघडता कामा नये. राउटरच्या सेटिंगचं पानही टाकून बघा. मुख्य वायफायवर उघडणारं पान गेस्टवरूनही उघडलं तर वाट अडलेली नाही.

गेस्ट नेटवर्क फक्त माणसांसाठी आहे असंही नाही. स्मार्ट टीव्ही, वायफायचा बल्ब, इन्व्हर्टरचा वायफाय तुकडा, स्वस्तातला इंटरनेट कॅमेरा, यांना कंपनीकडून वर्षानुवर्षं अपडेट येत नाही आणि घरातला हाच सगळ्यात कच्चा दुवा असतो. त्यांना फक्त बाहेरचं इंटरनेट लागतं. तेव्हा त्यांनाही मुख्य जाळ्यातून काढलेलं बरं. मात्र राउटरमध्ये दोन गेस्ट नेटवर्कची सोय असेल तर यंत्रांना एक आणि पाहुण्यांना दुसरं द्या, म्हणजे पाहुण्यांचा पासवर्ड बदलला तरी यंत्रं तुटणार नाहीत. यातली बरीच यंत्रं वायफायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यावर चालतात, तेव्हा तो पट्टा चालू ठेवा. फोनवरचा व्हिडिओ टीव्हीवर टाकायची सवय असेल तर दोघं एकाच नेटवर्कवर लागतात, आणि तारेने जोडलेल्या एनव्हीआरला, म्हणजे इंटरनेट कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डब्याला, त्याचे वायफाय कॅमेरेही आपल्याच जाळ्यात लागतात. तिथं सोयीप्रमाणे ठरवा.

राउटरमध्ये गेस्टची सोयच नसेल तर दोन हजारांच्या आसपास येणारा दुसरा राउटर घेऊन कंपनीच्या डब्याला तारेने जोडता येतो. लोक इथं हमखास उलटं करतात. कंपनीच्या डब्यावर घरची यंत्रं राहू देतात आणि नवा राउटर पाहुण्यांना देतात. नव्या राउटरच्या आतल्या फोनला बाहेरच्या डब्यावरची यंत्रं गाठता येतात, बाहेरच्याला मात्र आत शिरता येत नाही. म्हणून पाहुणे बाहेरच्या डब्यावर आणि घरची यंत्रं नव्या राउटरच्या आत, असंच लावायचं. नवा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर, म्हणजे नुसतं वायफाय पुढे पसरवण्याच्या सेटिंगवर, टाकायचा नाही, नाहीतर दोन्ही जाळी पुन्हा एक होतात.

नेटवर्कचं नाव लपवणं आणि ठरावीक फोनांनाच परवानगी देणारं मॅक फिल्टर, यांवर वेळ घालवू नका. लपवलेलं नाव साध्या ॲपने दिसतं. फोनचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कवरची त्याची ओळख, नक्कल करता येतो, आणि अँड्रॉइड १० व आयओएस १४ पासून फोन स्वतःच प्रत्येक नेटवर्कला वेगळा पत्ता दाखवतात.

पाहुण्यांचा पासवर्ड छोट्या कागदावर क्यूआर कोडसकट छापून बैठकीत लावा, म्हणजे प्रत्येकाला सांगत बसायला नको. सगळे परतले की तो बदला किंवा गेस्ट नेटवर्कच बंद ठेवा. यात घरातल्या कोणाचाही फोन तुटत नाही.

राहिलं राउटरचं अपडेट. सेटिंगच्या पानावर फर्मवेअर, म्हणजे राउटरचा आतला प्रोग्राम, या नावाखाली नवीन आवृत्ती आली असेल तर ती घ्या, सापडलेल्या फटी त्यातूनच बुजतात. फक्त ते चालू असताना वीज गेली तर राउटर कायमचा बंद पडू शकतो. तेव्हा आधी तो घरातल्या बॅटरीच्या इन्व्हर्टरवर लावा, आणि लाईनीचा भरवसा असेल अशीच वेळ निवडा.